पेटी चरखा: सूतकताई शिबिराला न्यावा का?

बंद केला की छोट्या ब्रीफकेसएवढा होणारा पेटी चरखा गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना सुधारून घेतला. म्हणूनच त्याला येरवडा चक्र म्हणतात. आठवड्याच्या निवासी शिबिराला न्यायला याच्याइतका सुटसुटीत चरखा नाही. मात्र घेताना लाकडाच्या पॉलिशवर जाऊ नका, चाती, म्हणजे सुताला पीळ देणारी बारीक सळई, बघा. चाक जोरात फिरवा. चातीचं टोक टिपक्यासारखं स्थिर दिसलं तर ती सरळ आहे, पुसट वर्तुळ दिसलं तर वाकडी. वाकड्या चातीवर सूत तुटतच राहतं आणि नवशिक्याला वाटतं, आपलाच हात वाईट.

माळेचंही, म्हणजे चाकावरून चातीवर जाणाऱ्या दोरीचंही, तसंच. ती सैल पडली की चाती मागे राहते, पीळ कमी पडतो आणि धागा पेळूपाशीच (पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी) सुटतो. थोडी राळ चोळली की पकड येते. फार ताणलीत तर चाक जड होऊन मनगट भरून येतं. जास्तीची दोरी पेटीत असू द्याच.

पेळू डाव्या हातात, बोटं सैल. चिमूट आवळली की तंतू सरकत नाहीत आणि धागा तुटतो. धागा चातीशी तिरका ठेवून ओढायचा. हातभर झाला की चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, मग धागा चातीच्या काटकोनात आणून गुंडाळायचा. उलटा फेरा बहुतेक जण विसरतात. टोकाशी गुंता होतो तो त्यामुळेच. आणि सैल सोडल्यावर धागा स्वतःभोवतीच वळून गाठळला, तर पीळ जास्त झालाय: हात जरा लवकर मागे न्या.

शिबिरात मौन कताईचा तास असेल तर तो चुकवू नका. बोलणं थांबलं की चातीची खरखर, माळेची घसर ऐकू येते, आणि आपली चिमूट कधी आवळते तेही कळतं. एरवी हे सगळं गप्पांत बुडतं. पहिले दोन दिवस मात्र टकळीच (हाताने फिरवायची सुटी चाती) बरी, पीळ डोळ्यांसमोर चढताना दिसतो.

मोजमाप सोपं आहे. 1000 मीटर सुताच्या गुंडीचं, म्हणजे लडीचं, वजन 59 ग्रॅम भरलं तर सूत 10 नंबरचं, 29.5 ग्रॅम भरलं तर 20 नंबरचं. नवशिक्याने 10 च्या आसपास राहावं. फाळका (सूत गुंडाळून गुंडी करायचं साधन) आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, दोन्ही सोबत न्या.