चांदीची म्हणून विकलेली तांब्याची केबल: १,१०,५०० रुपयांचा चुना

'केबल बदलली की स्पीकरचा आवाज खुलतो.' हे वाक्य कानावर पडलं की आधी खिसा सांभाळा. मला ते १,१०,५०० रुपयांना पडलं. 'शुद्ध चांदीच्या' स्पीकर केबलचा जोड ६८,५०० आणि वर गळ्यात मारलेला पॉवर कंडिशनर, म्हणजे घरची वीज 'शुद्ध' करून देणारा डबा, ४२,०००. ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि स्पीकर माझे आधीचेच, उत्तम चालणारे.

डेमो कसा रंगतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. मंद दिवे, मऊ सोफा, 'सर, तुमचा कान तयार आहे' वगैरे. आधी साध्या वायरवर गाणं, मग केबल बदलून तेच गाणं. आवाज भरदार वाटला. वाटणारच! ॲम्पच्या डिस्प्लेवर आवाजाची पातळी आधी उणे ३२ डेसिबल होती, नंतर उणे ३१, म्हणजे एक डेसिबल जास्त. तो आकडा मी डोळ्यांनी पाहिला. केबल जोडून दुकानदार ॲम्पमागून उठला तेव्हा रिमोट त्याच्याच हातात होता, तेही पाहिलं. एका डेसिबलने आवाज 'वाढला' असं कानाला वाटत नाही. 'स्वच्छ झाला', 'बास सुटा झाला' असं वाटतं. सगळा धंदा या एका डेसिबलवर चालतो. प्रामाणिक चाचणीत दोन्हीकडचा आवाज ०.१ डेसिबलपर्यंत जुळवतात आणि कोणती केबल चालू आहे ते ऐकणाऱ्याला कळू देत नाहीत. रिमोट तुमच्या हातात घ्या. देत नसेल तर उठा.

मला मूर्ख म्हणायच्या आधी हे ऐका. मोबाईल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या रेकॉर्ड 'निव्वळ ॲनालॉग' म्हणून जाणकारांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतल्या. २०२२ मध्ये उघड झालं की त्यातल्या बऱ्याच रेकॉर्डच्या निर्मितीत मध्ये डिजिटल टप्पा होता. एवढे तयार कान, कोणाला पत्ता लागला? मग मी कोण!

काही महिन्यांनी केबलचं एक टोक प्लगमधून निसटलं. वरची विणलेली काळी जाळी मागे सरकवली, आत पांढरी चकचकीत तार. ब्लेडने खरवडली तर खाली लालभडक तांबं. सोनाराने ॲसिडचा थेंब टाकला, 'चांदी नाही' म्हणाला आणि वर हसला. कंडिशनर अजून उघडलेला नाही. हिंमत होत नाही.

जास्त संताप याचा की चांदी खरी असती तरी काही फरक पडला नसता. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्के चांगली वाहक. घरात फिटिंगला वापरतात ती अडीच एमएमची तांब्याची वायर तीन मीटर घेतली, तर जाऊन-येऊन सहा मीटरचा रोध साधारण ०.०४५ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. नुकसान ०.०५ डेसिबल, म्हणजे कानाच्या हिशेबी शून्य. पैसे घालायचेच तर स्पीकरवर घाला, खोलीत जाड पडदे आणि गालिचा घाला. तो फरक खरोखर ऐकू येतो.

आता तक्रारीचं. पोलीस म्हणाले, 'ही दिवाणी बाब आहे.' तार दाखवली तर हवालदार म्हणाला, 'वाजते ना? मग?' त्याच्या वरच्याने अर्ज घेतला, पोच दिली नाही. मागितली तर 'साहेब आल्यावर'. साहेब कधी आलेच नाहीत. ग्राहक तक्रार केंद्राने माझी तक्रार दुकानदाराकडेच पाठवली. त्याने उत्तर दिलं, 'आवाजाची आवड व्यक्तिगत असते.' झालं, तेवढ्यावर 'निवारण झाले' असा मेसेज मला आला. अरे, आवडीचं कोण बोलतंय? धातूचं बोलतोय! केंद्राला पुन्हा फोन केला तर म्हणे बिलात चांदीचा उल्लेखच नाही. खरंच नाही. बिलावर फक्त 'ऑडिओ ॲक्सेसरी, १ संच'. बिलावर वस्तूचं पूर्ण वर्णन, धातूसकट, लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. माझ्याकडे पुरावा एवढाच, व्हॉट्सॲपवरचा दुकानदाराचा 'प्युअर सिल्व्हर सर, गॅरंटी' हा मेसेज. तक्रार गेल्याचं कळताच त्याने बाकीचे मेसेज उडवले. हा एक जुना होता म्हणून राहिला. तुमच्याकडे असे काही मेसेज असतील तर भांडण काढायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या.