एनआयओएसचा दहावीचा अभ्यासक्रम: घरी शिकवणाऱ्या पालकाचा अभिप्राय

सोलापुरात मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबे मोजकी आहेत. अशा घरातले मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की दहावीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मुलापेक्षा पालकांनाच जास्त सोडवावा लागतो. आम्ही मुलीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजेच एनआयओएसचा, माध्यमिक अभ्यासक्रम निवडला. 1989 साली केंद्र सरकारने स्थापन केलेल्या या संस्थेचे प्रमाणपत्र अकरावीच्या प्रवेशासाठी इतर मंडळांच्या प्रमाणपत्राइतकेच ग्राह्य असते, ही आमची पहिली खात्री होती.

आमच्यासारख्यांची खरी सोय प्रवेशाच्या अटींत आहे. किमान वय 14 वर्षे पूर्ण असावे लागते. आठवी उत्तीर्ण झाल्याचा दाखला नसेल, तर माध्यमिक अभ्यासक्रम पेलण्याइतका अभ्यास झाला आहे असे स्वयंघोषणापत्र चालते. जिच्या नावावर शाळा सोडल्याचा दाखलाच नाही, अशा मुलीसाठी ही एक ओळ किती मोलाची असते, हे सांगायला नको.

प्रवेशाची मुदत पाच वर्षांची असते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते. पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत, आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी अंगावर काढला आहे, त्यांना याचे महत्त्व लगेच पटेल. पारा चाळिशीच्या वर असताना रोज दुपारी गणिताचा सराव करून घेणे मुलीला आणि मला दोघींनाही जड जात होते. म्हणून गणित व विज्ञान ऑक्टोबरला ठेवले, आणि उन्हाळ्यात भाषा व गृहविज्ञान यांवर भर दिला. एवढ्या एका बदलाने घरातली रोजची ओढाताण बरीच कमी झाली.

पुस्तकांविषयी मी मनापासून चांगले लिहीन. ती वर्गात शिकवण्यासाठी नव्हे, तर एकट्याने वाचण्यासाठी लिहिलेली आहेत आणि संकेतस्थळावर विनामूल्यही मिळतात. धड्याचा एक भाग वाचून झाला की लगेच काही प्रश्न येतात व त्यांची उत्तरे त्याच धड्याच्या शेवटी दिलेली असतात. मुलगी सकाळी स्वयंपाकघरालगतच्या टेबलापाशी बसते, पेन्सिलीने उत्तरे लिहिते, पाने उलटून स्वतःच तपासते आणि चुकले तिथे फुली मारते. दुपारी भांडी आवरून झाली की मी फक्त त्या फुल्या पाहते. कुठे अडले हे मला विचारावे लागत नाही, आणि तिलाही प्रत्येक चुकीसाठी आईच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

भाषांची निवडही आपल्या शहराला साजेशी आहे. किमान एक व जास्तीत जास्त दोन भाषा घेता येतात आणि त्यांत मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही आहेत. पूर्व भागातल्या ज्या घरांत तेलुगू बोलली जाते, तिथल्या मुलांनी मराठीसोबत घरची भाषाही परीक्षेला घ्यावी, असे मी आवर्जून सुचवीन.

आता जबाबदारीची बाजू. शाळेचे कार्यालय जे काम करते, ते सगळे इथे पालकाकडे येते. प्रवेश शुल्क वेगळे, परीक्षा शुल्क वेगळे, आणि परीक्षेचा अर्ज दर वेळी नव्याने भरावा लागतो. शिवाय टीएमए, म्हणजे शिक्षकांनी तपासायचे स्वाध्याय, मुदतीत द्यावे लागतात. त्यांना 20 टक्के भार असतो. कोणते धडे टीएमएसाठी आणि कोणते लेखी परीक्षेसाठी आहेत, याची विभागणी आधीच पाहून ठेवावी, नाहीतर मूल नको तिथे जीव तोडून अभ्यास करते. एका ऑनलाईन सेवा केंद्रात आमचा अर्ज भरताना मराठीच्या 204 या संकेतांकाऐवजी तेलुगूचा 205 टाकला गेला होता. शुल्क भरण्याआधी मुलीच्याच नजरेस आले म्हणून निभावले. अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक संकेतांक स्वतः ताडून पाहावा. आमच्या घरी या तारखांची वेगळी वही आहे आणि ती दिनदर्शिकेशेजारीच टांगलेली असते.

संपर्क वर्गांवर, म्हणजे शिक्षकांच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाच्या तासांवर, मात्र फार विसंबू नये. अभ्यास केंद्रांत हे वर्ग होणे अपेक्षित असते. आमच्या वाट्याला आलेल्या केंद्रात ते जेमतेम झाले, आणि विचारणा केल्यावर दर वेळी पुढची तारीख मिळाली. शिकवण्याचा सगळा भार आपल्यावरच आहे, असे धरून चालावे.

रोज दोन-तीन तास मुलाशेजारी बसू शकेल आणि कागदपत्रांना कंटाळणार नाही, असा एक तरी पालक घरात असेल, तर ही सेवा मी निःशंकपणे सुचवते. दोघेही दिवसभर कामावर असतील, तर निदान टीएमए आणि अर्ज यांसाठी कुणाची तरी कायमची मदत ठरवून मगच प्रवेश घ्यावा. आणि केंद्र निवडण्याआधी तिथली प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहून यावे, कारण विज्ञानाप्रमाणे गणितालाही इथे प्रात्यक्षिक असते.