मखमलाबाद रस्त्यावरील मिसळ: रस्सा, परवाना आणि दही

गेल्या उन्हाळ्यात शहरातील एका ठिकाणी जेवून आल्यानंतर आमच्या घरातील दोघांना उलट्या-जुलाबांमुळे सलाईन लावावे लागले आणि हाती बिल नसल्याने तक्रारही करता आली नाही. तेव्हापासून कुठेही खायला गेले तरी मी आधी भिंतीवरचा अन्न सुरक्षा परवाना पाहते.

नाशिकच्या मखमलाबाद रस्त्यावर द्राक्षबागेला लागून असलेल्या या मिसळीच्या ठिकाणी तो गल्ल्यामागेच ठळक लावलेला आहे, आणि त्यावरील चौदा अंकी क्रमांक बिलावरही छापलेला आहे. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर हा क्रमांक देणे बंधनकारक झाले. ग्राहकाच्या दृष्टीने मला हा फार मोलाचा नियम वाटतो, कारण अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' अॅपवर तक्रार नोंदवताना या क्रमांकावरून संबंधित व्यावसायिकाची ओळख नेमकी पटते.

मिसळ उत्तम आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा चुलीवर सतत उकळत असतो आणि तर्री मागेल तितकी मिळते. मटकीला मोड आणणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, म्हणून ती पूर्ण शिजलेली असणे महत्त्वाचे. येथे ती बोटाने दाबली जाईल इतकी मऊ होती. पापडाचे तेलही स्वच्छ दिसले. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांपुढे गेली की ते वापरू नये, असा नियम आहे; ते मोजण्याचे साधन आपल्याकडे नसले तरी काळपट, फेसाळ तेल डोळ्यांना कळतेच.

दह्याबाबत मात्र पहिल्या भेटीत निराशा झाली. थंड ठेवायचे अन्न ५ अंश सेल्सिअसच्या आत असावे, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम सांगतात, आणि येथे भर दुपारी दह्याचे पातेले गल्ल्याजवळ उघडे होते. मी तसे सांगितल्यावर मालक म्हणाले, "ताई, बरोबर आहे तुमचं," आणि पातेले लगेच फ्रीजमध्ये ठेवले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा दही झाकलेल्या वाट्यांतून थंडगार आले. २०२७ च्या सिंहस्थात बाहेरगावची लाखो माणसे नाशकात जेवणार असताना मला अशी तत्परता शहरातल्या प्रत्येक गल्ल्यावर हवी आहे.

रविवारी नऊच्या आत जावे. हात धुण्याच्या जागी साबण असतो, परंतु गर्दीच्या वेळी दोन नळ अपुरे पडतात, तेवढे वाढवावेत.