एलएलएम इंग्लंडला की जर्मनी-फ्रान्सला? नागपूरच्या विद्यार्थ्यासाठी कॉमन लॉ आणि सिव्हिल लॉ

एलएलबीच्या शेवटच्या वर्षात बाहेर जायचं ठरतं तेव्हा बोलणं फी, व्हिसा आणि रँकिंगवरच फिरत राहतं. पण इंग्लंड की जर्मनी-फ्रान्स हा आधी कॉमन लॉ की सिव्हिल लॉ, असा प्रश्न आहे. कॉमन लॉ म्हणजे न्यायालयांच्या जुन्या निकालांवर वाढलेली इंग्रजी पद्धत. इथे सिव्हिल लॉ म्हणजे दिवाणी दावे नव्हेत, रोमन परंपरेतून आलेली, संहितेवर उभी असलेली पद्धत. माझं मत आधीच सांगून टाकतो. परत येऊन सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर खंडपीठापुढे उभं राहायचं असेल तर इंग्लंड. करारांचं काम, लवाद किंवा अध्यापन डोक्यात असेल तर युरोपचा विचार जरूर करा, आणि ‘तिकडचा कायदा इथे काय कामाचा’ म्हणणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नका.

फरक कळायला टॉर्ट्सच्या, म्हणजे करार नसतानाही होणाऱ्या नुकसानीच्या कायद्याच्या, तासाला सगळ्यांनी ऐकलेली ती गोगलगायीची बाटली (डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन) पुरे. एका बाईच्या जिंजर बिअरच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघाल्याची ही तक्रार. जिंजर बिअरचे पैसे मैत्रिणीने दिले होते, म्हणजे पिणारीचा कोणाशीच करार नव्हता. उत्पादकावर जबाबदारी टाकायची तर आधार शोधायचा कुठे? 1932 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी तो जुन्या निकालांमधून घडवला. (खटला स्कॉटलंडचा होता, आणि स्कॉटलंडची पद्धत स्वतःच मिश्र आहे!) फ्रान्समध्ये वकिलाने आधी 1804 च्या नागरी संहितेतलं एक वाक्य उघडलं असतं: आपल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यावं. तेव्हाचं कलम 1382, आता 1240. वाद मग त्या वाक्यात ही घटना बसते का, एवढाच.

नुसती संहिता पाहून पद्धत ओळखू नका. आपल्याकडे दंडसंहिता 1860 पासून होती, करार कायदा 1872 चा आहे, तरी आपण कॉमन लॉवालेच. खरी खूण निकालाच्या वजनात आहे. संविधानाच्या कलम 141 मुळे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. उलट फ्रेंच संहितेचं कलम 5 न्यायाधीशाला निकालातून सर्वसाधारण नियम घालून द्यायला मनाईच करतं. प्रत्यक्षात तिथले वकीलही वरिष्ठ न्यायालयाचे निकाल बारकाईने वाचतात, पण शेवटी बोट ठेवायचं ते कलमावर. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या एम. सी. मेहता खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडचा 1868 चा रायलँड्सचा नियम (धोकादायक वस्तू निसटून नुकसान झालं तर चूक नसतानाही जबाबदारी, पण काही अपवादांसह) अपुरा ठरवून संपूर्ण, म्हणजे अपवाद नसलेल्या, दायित्वाचा नवा नियम निकालातूनच उभा केला. अशी मोकळीक सिव्हिल लॉच्या न्यायाधीशाला सहसा नसते.

माझ्या मते निवडीचा कस लागतो तो करारात. इंग्लंडमध्ये वाटाघाटी करताना सद्भावनेने वागण्याचं सर्वसाधारण बंधन नाही. 1992 च्या वॉलफर्ड विरुद्ध माइल्स निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सने ते स्पष्ट नाकारलं. फ्रान्समध्ये कलम 1104 प्रमाणे वाटाघाटीपासून अंमलबजावणीपर्यंत सद्भावना सक्तीची. जर्मन संहितेतलं सद्भावनेचं कलम 242 तर तिथल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतं. आपण पहिल्या सत्रात घोकलेलं कन्सिडरेशन, म्हणजे वचनाचा मोबदला, या दोन्ही देशांत कराराची अट नाही. करार मोडला तर इंग्लंडमध्ये मुख्यतः भरपाई मिळते, करार प्रत्यक्ष पाळायला लावणं न्यायालयाच्या मर्जीवर. जर्मनीत तो मूळ हक्क आहे. आणि 2018 च्या दुरुस्तीने आपला विनिर्दिष्ट अनुतोष कायदाही (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) त्या बाजूला सरकला आहे. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात फ्रेंच विमान कंपनी दासोच्या भागीदारीतला विमानांच्या भागांचा कारखाना आहे. अशा कंपन्यांशी करार करणाऱ्या वकिलाला समोरच्याच्या डोक्यातला कायदा माहीत असलेला बरा.

न्यायालयातलं वातावरणही वेगळं. जर्मनीत साक्षीदाराला मुख्यतः न्यायाधीशच प्रश्न विचारतात, त्यामुळे उलटतपासणीची हौस असलेल्यांनी तिकडे जाऊन हिरमुसू नये. फ्रान्समध्ये बरेच न्यायाधीश तरुणपणीच स्पर्धा परीक्षेतून बोर्दोच्या संस्थेत प्रशिक्षणाला जातात. इंग्लंडमध्ये मुरलेल्या वकिलांतून निवड होते. आपल्याकडे दोन्ही आहे, खाली परीक्षा आणि उच्च न्यायालयात बऱ्याचदा थेट वकिलांतून नेमणूक.

सिव्हिल लॉ एवढा परका वाटत असेल तर गोव्याकडे बघा. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे मुक्तीनंतरही चालू राहिली. मृत्युपत्र करूनसुद्धा ठरावीक वारसांचा अर्धा हिस्सा तिथे काढून घेता येत नाही. आणि हे वाद जातात ते मुंबई उच्च न्यायालयाच्याच गोव्यातल्या पीठाकडे. म्हणजे आपल्याच उच्च न्यायालयाचं हे काम.

आता व्यवहाराचं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाममात्र असतं, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला 1500 युरो घेतं, आणि काही खास एलएलएम अभ्यासक्रमांची फी वेगळी असते. अनेक एलएलएम जर्मन भाषेतच चालतात; इंग्रजीतले आहेत, पण त्यात बहुधा संहितेपेक्षा आंतरराष्ट्रीय विषय जास्त. फक्त एलएलएमच्या बळावर दोन्हीकडे वकिली करता येत नाही. जर्मन वकील व्हायचा नेहमीचा मार्ग म्हणजे दोन राज्य परीक्षा आणि मधलं दोन वर्षांचं प्रशिक्षण. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी 2021 पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) परीक्षा आहे. भारतात सनद असलेला वकील ती थेट देऊ शकतो, त्यासाठी तिथलं एलएलएम लागतच नाही. तेव्हा लंडनच्या पदवीवर कर्ज काढण्याआधी हा हिशेब घरच्यांसमोर मांडा.