तीन किलोचा सहा इंची व्हाइस

जाहिरात बघून जुना व्हाइस घ्यायला गेलो आणि फसलो. गेले ते ९,१९८ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "नक्की किती गेले रे?" असं परत कोणी विचारणार नाही.

डोंबिवलीला आमच्या गॅलरीत माझं चार बाय दोनचं कामाचं टेबल आहे. रविवारी त्यावर लाकडी खेळणी करतो. जागा पुरेना म्हणून पुढे पियानो बिजागरीवर घडीची फळी लावली, भिंतीला हत्यारं टांगायला भोकाभोकांचा बोर्ड ठोकला. राहिले होते खालचे खण आणि एक व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा. तो १८ एमएम प्लायच्या पाटावर बसवायचा, काम झालं की पाटासकट टेबलाखाली सरकवायचा. कल्पना माझीच, त्यामुळे घाई झाली होती.

जुन्या सामानाच्या जाहिरातीत एकाचं "वर्कशॉप बंद करतोय" दिसलं. सहा इंची व्हाइस आणि टेलिस्कोपिक चॅनलच्या, म्हणजे खण सरकतात त्या पट्ट्यांच्या, सहा जोड्या, ३,२०० रुपये. ८०० आगाऊ दिले. पाया कसा आहे विचारल्यावर त्याने भोकांची मापं मिलिमीटरमध्ये कळवली. मापं देणारा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल? मग पार्सलची पावती आली आणि मी उरलेले २,४०० पाठवले.

त्या पावतीवर वजन होतं ३ किलो.

तीन! सहा इंची बिडाचा व्हाइस दहा-बारा किलोच्या आत येतच नाही, दुकानात दोन्ही हातांनी उचलून पाहिलाय मी. आकडा वाचला, आणि मनात काय आलं, तर भाडं कमी लागलं असेल! आणि चॅनलचं वजन वेगळंच. अजून रात्री तो ३ डोळ्यांपुढे येतो. पुढे त्याने मागितले पार्सलच्या "विम्याचे" २,९९९, माल हातात आला की परत मिळणारे. ते "सिस्टिममध्ये अडकले" म्हणून पुन्हा २,९९९. हो, दोनदा. हसा.

परत मिळणारे पैसे आधी मागतो तो चोरच, लिहून ठेवा.

असं झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत. मी लाजेपायी दुसरा दिवस उजाडू दिला, तर आधी लाइन लागेना, मग तक्रार क्रमांक मिळाला आणि पुढे शांतता. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. अरे, मीच टाकला, म्हणून तर फसवणूक म्हणतोय ना! चौकीत दोन तास बसवलं, मग "हे सायबरकडे", सायबरवाले म्हणे "आधी चौकीत जा." शेवटी ज्यांनी लिहून घेतलं त्यांनी अर्जात "व्हॉइस खरेदी" लिहिलं. दुरुस्त करा म्हटलं तर, "साहेब, नऊ हजारांसाठी किती डोकं लावायचं?" माझा जवळपास महिनाभराचा किराणा आहे तो!

बायको म्हणाली, लोकलने मशीद बंदरला उतरून नागदेवीच्या हत्यारबाजारात गेला असतात तर एवढ्यात नवा आला असता. तिला उत्तर नाही. हत्यार हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. फोटो नेटवर शोधून पाहा.

मी उशिरा शोधला. परवा तोच व्हाइस, तोच डाग पडलेला जबडा पुन्हा जाहिरातीत दिसला. नाव दुसरं, गाव नाशिक, किंमत २,८००. आणि त्याने दिलेल्या मापांची चार भोकं माझ्या पाटाला पाडून तयार आहेत.