डोमेन कंपनीचं तक्रार खातं: पाचात अडीच तारे

हा रिव्ह्यू गिऱ्हाइकाचा नाही. वेबसाइटची नावं, म्हणजे डोमेन, विकणाऱ्या ज्या कंपनीला मी आजवर एक रुपया दिलेला नाही, तिच्या तक्रार खात्याचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या नावावरच अडकेल.

आम्ही तारकर्लीला चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. नाताळच्या गर्दीत सांगलीचं एक कुटुंब बॅगांसकट दारात उभं. "काकू, आमची वरची खोली तयार आहे ना?" आमच्याकडे वर खोली नाही, कौलं आहेत. त्यांनी बुकिंग केलं होतं ते भलत्याच साइटवर: आमचंच नाव, पुढे जोडरेघ आणि 'बुकिंग'. फोटो मात्र सगळे आमचे. पडवी, तुळस, झोपाळ्यावर पसरलेला बोकासुद्धा. दर आमच्यापेक्षा हजाराने कमी आणि पूर्ण रक्कम आधी, क्यूआर कोडवर.

त्यांची सोय शेजारी केली, पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला. (हा फोन जितका लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. आधी रडारड, मग फोन असं करू नका.) त्या साइटच्या नावाचं काय करायचं ते मी आणि माझा भाचा बघत बसलो.

नाव कुणी विकलं हे कळायला पोलीस लागत नाहीत. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम ठरवणारी आयकॅन ही संस्था आहे. तिच्या लुकअप पानावर नाव टाकलं की विकणारी कंपनी, नोंदणीची तारीख आणि तक्रारीचा ईमेल-फोन समोर येतो. मालकाच्या रकान्यात 'गोपनीय'. युरोपचा डेटा कायदा २०१८ मध्ये लागू झाल्यापासून बहुतेक ठिकाणी हेच दिसतं. नोंदणी अगदी ताजी, डिसेंबरातली. सीझन बघूनच घेतलेलं नाव.

तक्रारीचा फॉर्म चांगला आहे, एक तारा त्याचाच. खातं उघडायला लावत नाही, स्क्रीनशॉट जोडता येतात, पोच लगेच मिळते. (पोच देणं आता आयकॅनच्या करारानेच बंधनकारक आहे, त्यामुळे फार कौतुक नको.) फोन नंबर फक्त वाजतो.

पहिलं उत्तर छापील होतं. आम्ही फक्त नाव नोंदवतो, मजकूर आमचा नव्हे, होस्टिंग कंपनीला (साइट जिच्या सर्व्हरवर ठेवलेली असते तिला) कळवा, नावावरून वाद असेल तर यूडीआरपीत जा. ही यूडीआरपी म्हणजे १९९९ पासून चालू असलेली नावांच्या तंट्यांची पद्धत. जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे गेलं तर एका पंचासाठी फी १५०० डॉलर. पावसाळ्यातल्या एका महिन्यात आमच्या चार खोल्या एवढं कमवत नाहीत. आणि जिंकलात तरी नाव तुम्हाला मिळतं किंवा रद्द होतं, भरपाई शून्य. ट्रेडमार्कवरचा हक्क तुम्हीच सिद्ध करायचा. मोठ्या ब्रँडसाठी ठीक आहे हे. लोकांना फसवणारी साइट आज संध्याकाळी बंद व्हायला हवी असेल तर तो रस्ताच नव्हे.

खरी गोम पुढे आहे. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारात नाव विकणाऱ्या कंपन्यांवर बंधन आलं: कारवाईजोगा पुरावा हातात आला की वेळ न दवडता गैरवापर थांबवायचा. पण गैरवापर म्हणजे काय, तर पाचच गोष्टी. मालवेअर (घातकी सॉफ्टवेअर), बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या कॉम्प्युटरांचं जाळं), फिशिंग (खोटं रूप घेऊन माहिती काढून घेणं), फार्मिंग (खरा पत्ता टाकला तरी नकली साइटवर वळवणं), आणि स्पॅम. तोही या चारांपैकी कशाचं तरी वाहन असेल तरच. 'खोलीचे पैसे घेतले आणि खोलीच नाही' हे त्या यादीत बसत नाही. ती साधी फसवणूक, म्हणजे त्यांच्या भाषेत मजकुराचा प्रश्न. तिथेच आमची तक्रार बाजूला पडली.

आता त्या साइटचं शेवटचं पान बघा. तिथे कार्डाचा नंबर, कार्डामागचे तीन आकडे आणि आधारच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागत होते. दुसऱ्याच्या साइटची नक्कल करून अशी माहिती काढून घेणं म्हणजे सरळ फिशिंग. त्या पानाचा स्क्रीनशॉट पहिल्या तक्रारीतही होता. कुणी उघडला असेल असं वाटत नाही. वर भाच्याच्या लक्षात आलं की साइट मोबाइलवरच उघडते, कॉम्प्युटरवर पांढरं पान येतं. तपासणाऱ्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघितलं असेल तर त्याला काहीच दिसलं नसणार.

मग दुसरा मेल, चार ओळींचा. पानाचा पूर्ण पत्ता, पाहिल्याची वेळ, 'मोबाइलवरूनच उघडा' ही सूचना, एकच स्क्रीनशॉट आणि सायबर तक्रारीचा क्रमांक. बोका, पडवी, मनस्ताप, सगळं गाळलं. दुसऱ्या दिवशी लुकअपमध्ये त्या नावापुढे 'क्लायंट होल्ड' लागलेलं. म्हणजे नाव विकलेलंच राहतं, पण त्याचा पत्ता इंटरनेटवर कुणाला सापडत नाही. याचा दीड तारा.

त्यांची एक बाजू मला पटते. नुसत्या तक्रारीवर नाव बंद करायला लागले, तर सीझनला इथले निम्मे होमस्टे एकमेकांच्या साइट पाडतील. माणसं ओळखून आहे मी. शिवाय कंपनीला एक पान काढता येत नाही, बंद करायचं तर अख्खं नाव, त्यावरच्या ईमेलसकट. एखाद्या शाळेची साइट हॅक करून कुणी आत असलं पान घुसवलं, तर सगळी शाळाच बंद करणं हा उपाय नव्हे. तिथे होस्टिंगवाल्याकडेच जायला हवं. पुरावा मागतात याबद्दल तक्रार नाही. दिलेला पुरावा बघत नाहीत, याबद्दल आहे.

उरलेले अडीच तारे कापले ते यासाठी. थोड्याच दिवसांत तेच फोटो, तोच फॉर्म, नावाच्या शेवटी फक्त 'डॉट कॉम'ऐवजी 'डॉट ऑनलाइन'. विकणारी कंपनी तीच. जुना तक्रार क्रमांक देऊन विचारलं की त्याच गिऱ्हाइकाने आणखी काय काय घेतलंय ते तुम्ही बघत नाही का? उत्तर: प्रत्येक नावासाठी स्वतंत्र तक्रार करावी. नियमाने त्यांचं बरोबर आहे, गिऱ्हाइकाची बाकीची नावं तपासायची सक्ती त्या दुरुस्तीत नाही. पण घेणाऱ्याचं खातं, पैसे कुठून आले, सगळं त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. आम्ही बाहेरून अंदाजाने नावं शोधत बसायचं.

दुसरी तक्रार टाकली आहे. यावेळी सुरुवातीपासून चारच ओळी.