‘वॉटरप्रूफ’ एअर फिल्टरच्या नावाखाली लावलेला चुना

मे संपत आला की बाइक ॲक्सेसरीजच्या दुकानांवर ‘मान्सून किट’चे बोर्ड लागतात. त्यातलं एक किट मी गेल्या वर्षी बसवून घेतलं आणि पावसाळा सरायच्या आत गाडीचं बोअर-पिस्टनचं काम निघालं. दुकानाचं नाव लिहीत नाही. हा माल विकणारा तो एकटाच नाही, आणि विकायची तऱ्हा ओळखता आली तर नावाची गरजही पडणार नाही.

गाडी १५० सीसीची, जुनी, कार्ब्युरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देतो तो भाग). माझं काम फिरतीचं, राजापूर-लांजा पट्ट्यातल्या वाड्यावाड्यांवर. पावसात तिथे अर्धा रस्ता तांबडा रेंदा असतो आणि मध्येच एखादा वहाळ कॉजवेवरून वाहत असतो. दुकानदाराने हे दोन मिनिटांत काढून घेतलं. म्हणाला, “साहेब, कंपनीच्या या प्लास्टिकच्या डब्यात पाणी शिरलं ना, तर इंजिन लॉक. मग रडत बसाल.”

भीती खोटी नव्हती, म्हणून तर माल खपतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी भरलं आणि पिस्टन वर यायला लागला की तो अडतो आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. २०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्यांना सगळे हेच सांगत होते, काही झालं तरी स्टार्टर मारू नका.

पण यावर त्याचा उपाय काय, तर मूळ फिल्टर बॉक्स काढून टाकायचा, कार्ब्युरेटरच्या तोंडावर शंकूसारखा उघडा फिल्टर बसवायचा आणि त्यावर काळ्या इलॅस्टिक कापडाचा मोजा चढवायचा. मग प्रात्यक्षिक. गाडी आयडलिंगला ठेवली, बाटली उघडली आणि मोज्यावर पाणी ओतलं. आळवाच्या पानावरून ओघळावेत तसे थेंब घरंगळले, इंजिन ठकठक चालू. बघणारे दोघे-तिघे माना डोलावत होते. फिटिंगसकट ३,२०० रुपये घेतले, बिलावर नुसतं ‘ॲक्सेसरीज’ लिहिलं. काढलेला डबा मागितला तर म्हणे, “राहू द्या इथेच, भंगारात जातो तो.” तो डबा कुणाच्या तरी गाडीला चांगल्या किमतीत लागला असणार, फक्त सिद्ध करता येत नाही.

खरी मेख त्या प्रात्यक्षिकात आहे. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन जेमतेम हवा ओढतं. घाटात मूठ पिळली की चित्र पालटतं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. म्हणजे १५० सीसीचं इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर हिशेबाने ६०० लिटरच्या आसपास हवा मागतं. तेवढी ओढ लागल्यावर भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या कापडातून हवा येते कुठून? मिळेल त्या फटीतून. माझ्या गाडीत फट तयारच होती. फिल्टरचं रबरी तोंड कार्ब्युरेटरला मोठं होत होतं, म्हणून दुकानातल्या पोराने मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून क्लिप आवळली होती.

आता कंपनीचा तो ‘बिनकामाचा’ डबा बघा. त्याचं तोंड सहसा सीटखाली, उंचावर, चाकाच्या फवाऱ्यापासून लांब. आत जागा मोठी असल्याने हवेचा वेग मंदावतो आणि थेंब तळाला बसतात. तळाशी ड्रेनची नळी असते. फिल्टरच्या कडेला सील असतं, त्यामुळे गाळल्याशिवाय हवा पुढे जात नाही. कार्ब्युरेटरचं जेटिंग, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं त्याचं माप, तेही त्या डब्याच्या हिशेबाने असतं. डबा गेला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, सायलेन्सरमधून फटफट सुरू होते. दुकानदार त्यालाच म्हणाला होता, “आवाज बघा कसा खुलला!”

जुलैत अणुस्कुरा घाटात गाडी उचलेना. मोजा काढला की बरी चालायची. पुढे ऑइल कमी होऊ लागलं आणि सकाळी स्टार्ट केल्यावर निळसर धूर. दुकानात फोन केला तर उत्तर तयार होतं: “पाण्यात घातलीत ना? रॉड वाकलाय. इंजिन खोलावं लागेल, बारा हजार धरून चला.” पहिल्यांदा किट विकायचं आणि त्यानेच झालेल्या नुकसानावर दुसऱ्यांदा कमवायचं.

गाडी तिकडे नेलीच नाही. आमच्याकडच्या मेस्त्रींनी आधी प्लग काढून किक मारली. पाण्याचा टिपूस नाही. ऑइलला दुधाळ रंगही नाही, म्हणजे त्यातही पाणी नाही. “रॉड वाकलेली गाडी अशी गुमान चालत येते होय?” एवढंच बोलले. मग फिल्टर उतरवून कार्ब्युरेटरच्या तोंडात, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा जिथून जायला हवी तिथे, बोट फिरवलं. बोटाला तांबडी चिकट पेस्ट. नखात अडकलेले कण अंगठ्यावर घासून त्यांनी मला हात लावायला सांगितलं. बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरत होतं. ती माती पावसाळाभर पिस्टन आणि बोअरमध्ये दळली जात होती. हेड उघडल्यावर बोअरवर उभे ओरखडे दिसले, रिंगा झिजलेल्या, रॉड सरळ.

दुकानदार म्हणाला, पावसाळी मालाला गॅरंटी नसते. बोर्डावरच्या ‘१००% वॉटरप्रूफ’चा फोटो माझ्याकडे होता, म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. किटचे पैसे परत मिळाले, इंजिनाचा खर्च नाही. बिलावर ‘ॲक्सेसरीज’ लिहिलेलं तिथे नडलं. वस्तूचं नाव, काम आणि काढलेला पार्ट, तिन्ही बिलावर लिहून घ्या, आणि काढलेला पार्ट घरी आणा.

पावसासाठी करायचंच असेल तर काम साधं आहे. डब्याच्या झाकणाचे सगळे स्क्रू, सील आणि कार्ब्युरेटरकडे जाणारं रबर तपासा, कुठे तडा नको. ड्रेनच्या नळीला बूच असेल तर ते जागेवर आहे ना बघा, आणि पाण्यातून आल्यावर उघडून साचलेलं काढा. कागदी फिल्टर भिजला तर हवा मारून वाळवत बसू नका, बदला. पाण्यात गाडी बंद पडली तर ढकलत बाहेर काढा, प्लग काढा, मग हलकी किक मारून पाणी आहे का बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर बदलल्याशिवाय चालू करू नका.

यंदा बोर्डावर ‘स्नॉर्केल’ हा शब्द आलाय. डबा सीलबंद ठेवून त्याचंच तोंड वर नेणार असेल तर त्यात तथ्य आहे, जीपवाले तेच करतात. तेव्हा पैसे काढायच्या आधी एवढंच विचारा, मूळ डबा राहणार की निघणार? निघणार म्हणाला, तर किल्ली परत घ्या.